फुटकी टाईल आणि खोडलेली मोटरसायकल

सात-आठ वर्षांपूर्वी एका ट्रॅव्हल कंपनीच्या ब्रोशरचं काम माझ्याकडे होतं. त्यांनी पाठवलेल्या फोटोंमधला एक फार भारी होता, फेटेवाले आजोबा, पांढऱ्या झुपकेदार मिशा, ओट्यावर बसलेत आणि मागे जुना लाकडी दरवाजा, त्याला पितळी कड्या. अडचण एवढीच की दरवाजाला खेटून मोटरसायकल लावलेली, वर कौलांवर डिशची छत्री, वायरींचं जंजाळ आणि आजोबांच्या हातात मोबाईल. क्लायंटचा मेल एका ओळीचा होता, हे सगळं काढा, टाइमलेस फील हवाय. काढलं. त्यात तेव्हा मला काही वावगं वाटलं नाही, रिटचिंग म्हणजे तेच तर असतं. मोटरसायकल गेली, छत्री गेली, वायरी गेल्या, मोबाईल मात्र त्रास द्यायला लागला कारण तो काढल्यावर आजोबांची बोटं हवेत काहीतरी धरून बसल्यासारखी दिसायला लागली. मग दुसऱ्या एका फोटोतल्या धनगराच्या हातातली काठी कापली आणि यांना दिली. चपखल बसली. क्लायंट खूश, बिल वेळेत पास झालं (असं क्वचित होतं म्हणून लक्षात आहे) आणि मी ते सगळं विसरून गेले.

परवा ती काठी आठवली ती जेरोममुळे. रात्री झोप येत नव्हती म्हणून ‘द स्नेक चार्मर’ हे चित्र स्क्रीनवर जेवढं मोठं होईल तेवढं करून बघत बसले होते. ज्याँ-लिऑन जेरोम, फ्रेंच चित्रकार, चित्र साधारण १८७९ चं, आता अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये असतं. पश्चिमेने पूर्वेकडच्या देशांचं कसं ठरावीक चित्र मनात रंगवलं यावरचं एडवर्ड सैद यांचं ‘ओरिएंटॅलिझम’ हे पुस्तक १९७८ मध्ये आलं तेव्हा त्याच्या कव्हरवर हेच चित्र छापलेलं होतं, त्यामुळे ज्यांनी ते पुस्तक उघडलेलंसुद्धा नाही त्यांनाही हे चित्र ओळखीचं वाटतं. मराठीत ओरिएंटॅलिझमला प्राच्यवाद म्हणतात, पण मला तो शब्द वाचला की आधी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आणि लाल फडक्यात बांधलेल्या पोथ्या आठवतात, म्हणून मी आपलं ओरिएंटॅलिझमच म्हणते.

तर चित्र. एक नागडा पोरगा आपल्याकडे पाठ करून उभा आहे, अंगाभोवती भला मोठा साप, शेजारी म्हातारा पावा वाजवतोय, आणि समोर भिंतीला टेकून शस्त्रं घेतलेली माणसं ओळीने बसलीयेत. त्यांच्यामागे ती भिंत. निळ्या टाईल्सची. काय रंगवलीये राव. फुलं, वेलबुट्टी, टाईलच्या कडेवरची चमक, ब्रशचा एक फटकारा दिसेल तर शपथ. आणि फसायला होतं ते इथेच. लिंडा नॉकलिन नावाच्या कला-इतिहासकार होत्या, त्यांनी १९८३ मध्ये या चित्रांवर एक लेख लिहिला, त्यातला माझ्या डोक्यात कायमचा बसलेला मुद्दा हा की ब्रशच दिसत नाही म्हणजे चित्रकारच दिसत नाही, आणि चित्रकार दिसला नाही की बघणाऱ्याला वाटतं हे कोणी रचलेलं नाहीये, तिथे असंच होतं, यांनी फक्त टिपलं.

मग जरा खोदायला लागलं की गंमत येते. भिंत इस्तंबूलच्या तोपकापी या तुर्की सुलतानांच्या राजवाड्यातल्या टाईल्सवरून घेतलेली आहे. सापाचा असला खेळ इजिप्तमधला, इस्तंबूलच्या राजवाड्यात असलं काही चालत नव्हतं. आणि रंगवलं पॅरिसच्या स्टुडिओत. म्हणजे केरळातला कथकली उचलून कोल्हापूरच्या तालमीत नेऊन बसवायचा, हौद्यातली लाल माती मात्र कणाकणाने हुबेहूब काढायची आणि खाली लिहायचं, भारत. वरच्या पट्टीवरची अक्षरं तर इतकी नीट उतरवलीयेत की ती वाचता येतात, कुराणातल्या दुसऱ्या सूरेतली २५६ वी आयत आहे ती, धर्मात सक्ती नाही असं सांगणारी. एवढी अचूक नक्कल आणि एवढी मोठी थाप, दोन्ही एकाच भिंतीवर. मला तर वाटतं अचूकपणामुळेच थाप पचते. जेरोमने टाईल्स ढोबळ काढल्या असत्या तर आपण त्या पोराबद्दल शंका घेतली असती.

आता त्या टाईल्स खालच्या बाजूला बघा. फुटलेल्या आहेत, मधूनच निघालेल्या आहेत. नॉकलिन यांचं म्हणणं की ही पडझड नुसती सजावट नाही, तो शेरा आहे. हे लोक आळशी आहेत, पूर्वजांनी एवढं सुंदर करून ठेवलं आणि यांना साधं सांभाळता येत नाही, बसलेत साप बघत. वाचलं तेव्हा मला वाटलं जरा ओढून ताणून आहे, भिंत जुनी आहे तर टाईल फुटणारच ना. पण मग मला एक दुसरी भिंत सापडली. इस्तंबूलमध्येच आया सोफियाच्या आवारात सुलतान दुसरा सलीम याची कबर आहे, तिच्या दाराच्या दोन्ही बाजूंना इझनिक या तुर्की गावच्या प्रसिद्ध टाईल्सचं एकेक मोठं पॅनल आहे, उजवीकडचं अस्सल आणि डावीकडचं नक्कल. १९व्या शतकाच्या शेवटी शेवटी आल्बेर दोरिन्यी नावाच्या एका फ्रेंच गृहस्थाने दुरुस्तीच्या नावाखाली डावीकडचं पॅनल काढून नेलं आणि त्या जागी फ्रान्समध्ये केलेली कॉपी बसवली, मूळ पॅनल आज लूव्रमध्ये आहे. जेरोमची भिंत ही नव्हे, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर कोणीतरी मला धरेल. पण त्या काळात इस्तंबूलच्या भिंतींवरून टाईल्स कशा गायब होत होत्या याचं एक उत्तर पॅरिसच्या म्युझियममध्ये लेबल लावून ठेवलेलं आहे, आणि त्याच पॅरिसमध्ये चित्र रंगवलं जातं ते टाईल्स पडलेल्या भिंतीचं.

चित्रात काय नाही हे बघायची सवय मला तेव्हापासून लागली. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला होता, १८७६ मध्ये ऑटोमन म्हणजे तुर्की साम्राज्यात राज्यघटना लागू झाली होती, रेल्वे, तारायंत्र, वर्तमानपत्रं, फोटो स्टुडिओ सगळं येऊन बसलं होतं. जेरोमच्या भिंतीसमोर यातलं काही नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिथे एकही फ्रेंच माणूस नाही. या प्रकारच्या चित्रांमध्ये तो जवळपास कधीच नसतो. दलाक्र्वा या फ्रेंच चित्रकाराचं ‘विमेन ऑफ अल्जियर्स’ घ्या, १८३४ चं, लूव्रमध्येच आहे. खोलीत तीन बायका बसलेल्या, एक कृष्णवर्णीय नोकराणी निघालेली, हुक्का, गालिचा, दुपारची सुस्ती. फ्रान्सने अल्जेरियातलं अल्जियर्स शहर घेतलं १८३० मध्ये, दलाक्र्वा तिथे गेला १८३२ मध्ये, मोरोक्कोला गेलेल्या सरकारी शिष्टमंडळाबरोबर, परतताना अल्जियर्समध्ये जेमतेम तीन दिवस. शहरात फौज आहे, लोकांच्या जमिनी-मशिदी ताब्यात घेणं चाललंय आणि खोलीत मात्र शांतता. चित्र अप्रतिम आहे, त्यात वादच नाही, त्या बाईच्या बाहीवरच्या उजेडासाठी मी कितीही वेळ बघत बसेन. फक्त त्या खोलीत परक्या पुरुषाला प्रवेश कसा मिळाला हा प्रश्न विचारला की फौजच उत्तर द्यायला येते.

अँग्र हा दुसरा फ्रेंच चित्रकार तर कुठे गेलाच नाही. इटलीच्या पलीकडे पाऊल टाकलं नाही आणि तरी ८२ व्या वर्षी ‘टर्किश बाथ’ हे तुर्की बायकांच्या हमामाचं चित्र रंगवलं, तेही लेडी मेरी माँटेग्यू या इंग्रज बाईंनी सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी लिहिलेल्या पत्रांवरून. जाऊ दे त्याला.

आपल्याकडे येऊ. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या मुख्यालयात, ईस्ट इंडिया हाऊसमध्ये, एका खोलीच्या छतावर १७७८ मध्ये एक चित्र लावलं होतं, स्पिरिडिओनी रोमा या चित्रकाराचं, पूर्व दिशा ब्रिटानियाला आपली संपत्ती अर्पण करते असा विषय. ब्रिटानिया म्हणजे बाईच्या रूपातलं ब्रिटन, उंचावर बसलेली, गोरीपान, आणि खालून भारत नावाची सावळी बाई वाकून मोत्यांचं तबक पुढे करतेय, मागे चीन चिनी मातीची भांडी घेऊन रांगेत. कंपनीचा महसूल जिथे मोजला जायचा त्या खोलीच्या छतावर हे चित्र. मला हे जेरोमपेक्षा परवडलं, निदान कोण कोणाकडून काय घेतंय ते चित्रात दिसतं तरी, भले ते ‘अर्पण’ म्हणून का असेना.

खरा जेरोमपणा आपल्याकडे कॅमेऱ्याने केला. विल्यम जॉन्सन नावाच्या मुंबईतल्या फोटोग्राफरने १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंड काढले, मुंबईत राहणाऱ्या आणि येणाऱ्या जातीजमातींचे. एकेका फोटोत एकेका जातीची चार-पाच माणसं, आपापल्या पोशाखात, मागे त्यांना शोभेलसं ठिकाण. मी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझा डिझायनरचा डोळा अडकला तो कडांवर. माणसांच्या कडा जरा जास्तच कडक होत्या, उजेड एकीकडून आणि मागच्या देवळावर भलतीकडून. मग वाचलं तर खरंच, माणसांचे फोटो वेगळे काढलेत, ठिकाणांचे वेगळे, आणि छापताना एकमेकांवर बसवलेत. कटआउट! १८६३ साली! माझी काठी आणि यांचं देऊळ एकाच कारखान्यातलं. आणि हे पुस्तक तेव्हा कोणी गंमत म्हणून बघत नव्हतं, ही माहिती होती. त्याच्या मागोमाग सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ काढलं, १८६८ ते १८७५, आठ खंड, साडेचारशेच्या वर फोटो, आणि प्रत्येकाखाली जमातीचं वर्णन, त्यात हे लोक कष्टाळू, हे लबाड, हे भरवशाचे नाहीत असली प्रमाणपत्रं. १८५७ नुकतंच होऊन गेलेलं, कोणावर किती लक्ष ठेवायचं याची यादीच म्हणा ना. फोटोतल्या माणसाला बिचाऱ्याला फक्त हलू नको एवढंच सांगितलं असणार.

अल्जेरियात तर याहून कमाल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून फ्रेंच लोक घरी पोस्टकार्डं पाठवायचे, त्यांच्यावर ‘तिथल्या’ बायकांचे फोटो, जनानखान्यातले म्हणून. मालेक अलौला या अल्जेरियन कवीने ती गोळा करून १९८१ मध्ये पुस्तक केलं. बहुतेक फोटो स्टुडिओत पैसे देऊन आणलेल्या मॉडेल्सचे. त्यात एकच बाई, तेच कपडे, तेच दागिने, एका कार्डावर ती बेदुईन तरुणी आहे, दुसऱ्यावर दक्षिणेकडची तरुणी आणि तिसऱ्यावर कबाईल या तिथल्याच एका जमातीची तरुणी. बाई तीच, लेबल तीन. छापणाऱ्याला माहीत होतं की घेणाऱ्याला फरक कळणार नाही.

आणि आता ज्या गोष्टीवरून माझी झोप उडाली ती. १८८६ मध्ये लंडनला साउथ केन्सिंग्टनमध्ये कलोनियल अँड इंडियन एक्झिबिशन भरलं होतं, पन्नास लाखांवर लोक बघून गेले. तिथे राजवाड्याचा देखावा उभा करून त्याच्या अंगणात हिंदुस्थानातून आणलेले कारागीर बसवले होते, गालिचे विणणारे, सोनार, कुंभार. बघणाऱ्यांना सांगितलं जात होतं की हे पिढीजात कारागीर, बापाकडून मुलाकडे आलेली कला, गावगाड्यातून थेट तुमच्यासमोर. प्रत्यक्षात त्यांच्यातले बरेचसे आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगातून आणलेले होते. कैदी. विणकाम वगैरे त्यांना तुरुंगातच शिकवलेलं, सुधारणेचा भाग म्हणून. म्हणजे इंग्रजांनी तुरुंग बांधला, त्यात गिरण्यांच्या काळात हातमाग शिकवला, आणि मग त्यांनाच जहाजात घालून नेऊन लंडनमध्ये सांगितलं की बघा, हिंदुस्थान हजार वर्षांत बदललेला नाही.

व्हिक्टोरिया राणीला हे कारागीर फार आवडले. तिने रुडॉल्फ स्वोबोडा या ऑस्ट्रियन चित्रकाराला त्यांची पोर्ट्रेट्स करायला सांगितली आणि मग आणखी करायला थेट हिंदुस्थानात पाठवलं. ती पोर्ट्रेट्स आज राणीच्या ऑस्बोर्न हाऊस या घरात आहेत, छोटी छोटी, वहीच्या पानाएवढी. त्यात बक्षीराम नावाचा कुंभार आहे, प्रदर्शनात त्याचं वय शंभरच्या वर सांगत होते. मी त्याचा चेहरा बराच वेळ बघितला. पांढरी दाढी, डोळे थकलेले. आणि हे पोर्ट्रेट खरंच चांगलं आहे, हीच पंचाईत आहे, स्वोबोडाने त्याला कार्टून केलेलं नाही, माणूस म्हणूनच रंगवलंय, नावासकट. तो माणूस आग्र्याहून समुद्र ओलांडून तिथे कसा येऊन बसला एवढंच त्या चौकटीत नाहीये.

इथे एक गोष्ट कबूल करते, ही चित्रं नकोत म्हटलं तर आपल्याकडे उरतं काय हाही प्रश्न आहेच. तुमच्या डोळ्यासमोर नाना फडणवीस येतो तो कोणाचा? माझ्या तरी जेम्स वेल्सचा. हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात येऊन राहिला, त्याने सवाई माधवराव आणि नानांचं जे चित्र १७९२ मध्ये केलं ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे आणि त्याच्या कॉप्या इतिहासाच्या ग्रुप्सवर दर आठवड्याला फिरत असतात, खाली ‘मानाचा मुजरा’ वगैरे. त्यात नाना वाकलेला नाही की सुस्तावलेला नाही, कारण तेव्हा पुणे दरबारापुढे कंपनीला अदबीनेच यावं लागत होतं, कंपनीचा दरबारातला वकील मॅलेट, त्याला ताटकळत ठेवण्याची ताकद नानांत होती आणि चित्रकाराला ते माहीत होतं. मॅलेटच्याच पदरी गंगाराम तांबट हा चित्रकार होता, ज्याने पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला आणि वेरूळची लेणी काढली. वेल्स १७९५ मध्ये वारला, त्याच्या स्केचेसवरून थॉमस डॅनियलने पेशव्यांच्या दरबारात मॅलेट १७९० चा तह करतोय असं मोठं चित्र रंगवलं, ते लंडनला लागलं १८०५ मध्ये. मधल्या काळात १८०२ चा वसईचा तह होऊन गेला होता. दरबार चित्रात भरला तेव्हा खऱ्या दरबारातला दम निघालेला होता. आणि शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला, त्यामुळे आतला दरबार कसा दिसायचा हे सांगायला आपण आज जातो ते याच चित्राकडे.

तोपकापीकडे परत यायचं तर उस्मान हमदी बे ला विसरून चालणार नाही. हा इस्तंबूलचा माणूस, पॅरिसला जाऊन जेरोमच्याच परंपरेत चित्रकला शिकला आणि परत येऊन पुराणवस्तू संग्रहालयाचा संचालक झाला. १८८४ मध्ये पुराणवस्तू देशाबाहेर न्यायला बंदी करणारा कायदा झाला तो याच्याच खटपटीने, टाईल्स उचलणाऱ्यांना आडवा आलेला हा पहिला माणूस म्हणा. याचं १९०६ चं ‘कासवांना शिकवणारा’ नावाचं चित्र आहे, बुर्साच्या हिरव्या मशिदीतली वरची खोली, निळ्या टाईल्स, आणि बघा हं, टाईल्स इथेही पडलेल्याच. लाल झग्यातला म्हातारा पावा पाठीमागे धरून वाकून उभा आहे आणि पायाशी कासवं पाला खातायत. म्हातारा म्हणजे तो स्वतःच, स्वतःचाच फोटो काढून त्यावरून रंगवलेला. बहुतेक लोक याचा अर्थ असा लावतात की देश सुधारायला निघालेला माणूस आणि ढिम्म न हलणारे लोक. तीच भिंत, तोच पावा, तोच गुळगुळीत ब्रश. पण इथे घर स्वतःचं आहे आणि वैताग घरातल्या माणसाचा आहे. आपल्या आईने ‘घर बघ कसं करून ठेवलंय’ म्हणणं आणि पाहुण्याने म्हणणं यात जेवढा फरक तेवढा.

गंमत म्हणजे आज या युरोपियन चित्रांचे मोठे ग्राहक आखातातले आणि तुर्कस्तानातलेच आहेत, कतारच्या लुसैल म्युझियमकडे तर जगातल्या सगळ्यात मोठ्या संग्रहांपैकी एक आहे. काहींना हे हास्यास्पद वाटतं. मला नाही वाटत, त्यांना त्यात आजोबांचे गालिचे, तलवारी, पाडलेल्या इमारती सापडत असतील. आपण नाही का वेल्सचा नाना डीपीला लावत.

ब्रोशरची ती जुनी फाईल काल शोधली, बॅकअपच्या हार्ड डिस्कमध्ये होती. मूळ फोटो खालच्या लेयरवर तसाच आहे. वरचा सगळा खटाटोप बंद केला, काठी गेली, मोटरसायकल आली, छत्री आली, वायरी आल्या. तेव्हा काढण्याच्या नादात मी नीट बघितलंच नव्हतं. आजोबा मोबाईलवर बोलत नाहीयेत की त्यात बघतही नाहीयेत, ते सरळ कॅमेऱ्याकडे बघतायत आणि मोबाईल छातीशी असा धरलाय की फोटोत यावा. स्क्रीनवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून काढलेलं नाहीये.